घाऊक चित्रसंस्करणात प्रोसेसरच्या कोअरचा अपुरा वापर

पोथ्यांची व मोडी कागदपत्रांची छायाचित्रे घेऊन त्यांवरून पाठ निश्चित करणे हे आता भाषाविषयक संशोधनाचे नित्याचे अंग झाले आहे. छायाचित्र हाती आले म्हणजे काम संपत नाही. पान वाकडे आलेले असते ते सरळ करावे लागते, कागदाचा पिवळेपणा कमी करून शाई उठून दिसेल असे करावे लागते, कडा कापाव्या लागतात, आणि अखेरीस प्रत्येक पानाची एक आटोपशीर, वाचण्याजोगी प्रत सिद्ध करावी लागते. एका पानाच्या बाबतीत हे सारे करणे कठीण नाही. परंतु सहाशे पत्रांची पोथी असली तर दोन्ही बाजू धरून बाराशे छायाचित्रे होतात, आणि मग तेच संस्कार सर्वांवर एका झटक्यात करण्याचे, म्हणजे घाऊक संस्करणाचे, काम संगणकावर सोपवावे लागते.

काम सोपवल्यावर जे दृश्य दिसते ते पाहणाऱ्याला बुचकळ्यात टाकणारे असते. प्रोसेसरमध्ये आठ कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे हिशेब करू शकणारे आठ गाभे, असतात. काम तासाहून अधिक वेळ चाललेले असते. अशा वेळी आठही गाभे कामाला जुंपलेले असतील अशी कोणाचीही अपेक्षा असणार. पण टास्क मॅनेजर उघडून पाहावे तर प्रोसेसरचा वापर पंचवीस टक्क्यांच्या आसपास रेंगाळत असतो. चौघांची मजुरी देऊन एकाचेच काम पदरात पडावे, तसा हा प्रकार. त्यावरून दोन निष्कर्ष काढले जातात. एक असा की, सॉफ्टवेअर सदोष आहे. दुसरा असा की, संगणक अपुरा आहे, तेव्हा पुढल्या अनुदानातून सोळा कोअरचा घ्यावा. पहिला निष्कर्ष अर्धवट आहे. दुसरा बहुधा चुकीचा असतो, आणि तो विभागाच्या पैशाने चुकीचा ठरत असल्यामुळे त्याचा विचार अधिक काळजीपूर्वक केला पाहिजे.

एका प्रोसेसरमध्ये अनेक कोअर बसवण्याची प्रथा मुख्यतः उष्णतेच्या अडचणीतून निर्माण झाली. त्यापूर्वी प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके वर्षानुवर्षे वाढत होते, आणि त्याबरोबर जुने सॉफ्टवेअरही नव्या यंत्रावर काही न करता अधिक वेगाने चालत असे. ठोके वाढले की वीज अधिक लागते व उष्णता अधिक निर्माण होते. एका मर्यादेपलीकडे ती उष्णता बाहेर काढणेच अशक्यप्राय होऊन बसले. २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ बाजारात आणण्याचा बेत सोडून दिला, आणि २००५ मध्ये इंटेल व एएमडी या दोन्ही कंपन्यांनी घरगुती संगणकांसाठी दोन कोअरचे प्रोसेसर विक्रीस आणले. तेव्हापासून वेग वाढवण्याचा मार्ग म्हणजे कामाची वाटणी करणे हा होय. आणि वाटणी ही यंत्राला आपोआप करता येत नाही, ती सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला करावी लागते.

छायाचित्रांच्या संस्करणाचे सर्वांत प्रसिद्ध सॉफ्टवेअर जे फोटोशॉप, ते १९९० सालचे. म्हणजे या स्थित्यंतराच्या पंधरा वर्षे आधीचे. एवढ्यावरून त्याला एकाच कोअरची सवय असली पाहिजे असे अनुमान करणे मात्र योग्य होणार नाही. १९९० नंतरच्या दशकातच दोन किंवा चार प्रोसेसर असलेले मॅकिंटॉश धर्तीचे संगणक निघाले होते, आणि त्या काळी त्यांचा खराखुरा उपयोग करून घेणाऱ्या मोजक्या सॉफ्टवेअरमध्ये फोटोशॉपची गणना होत असे. तेव्हा फोटोशॉपला वाटणी ठाऊक नाही असे नसून, ते कोणती वाटणी करते हा खरा प्रश्न आहे.

चित्रांच्या कामाची वाटणी दोन प्रकारांनी होऊ शकते. एका प्रकारात एकच चित्र घेऊन त्याचे फरशीसारखे चौकोनी तुकडे पाडले जातात व प्रत्येक कोअरला काही फरश्या दिल्या जातात. सर्वांचे काम आटोपले की चित्र पुरे होते आणि मग पुढले चित्र घेतले जाते. दुसऱ्या प्रकारात चित्र अखंडच राहते. पहिल्या कोअरला पहिले चित्र, दुसऱ्याला दुसरे, अशी वाटणी होते. फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरने पहिला प्रकार पत्करला, आणि तो पत्करण्यास सबळ कारण होते. ज्या मनुष्यासाठी ते तयार झाले तो पडद्यासमोर बसलेला असतो, त्याच्यापुढे एकच चित्र असते, आणि दर्शकपट्टी सरकवताच परिणाम दिसावा एवढीच त्याची मागणी असते. त्याला दुसरे चित्र नकोच असते. अशा मनुष्याला आठ कोअरचा लाभ द्यायचा तर त्याचे ते एक चित्रच आठांत वाटले पाहिजे. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर हे किरकोळ विक्रीचे दुकान आहे. गल्ल्यासमोर उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकाला लवकर मोकळे करावे या हेतूने त्याची सारी मांडणी झालेली आहे. घाऊक मागणी आली म्हणजे ते दुकान तीही पुरवते, पण एकामागून एक बाराशे किरकोळ गिऱ्हाइके आल्यासारखी पुरवते.

या मांडणीचा परिणाम केवढा होतो ते एका कल्पित हिशेबावरून स्पष्ट होईल. एकाच कोअरवर एका चित्राला १० सेकंद लागतात असे धरू. त्यांपैकी फाइल डिस्कवरून वाचणे, ती उलगडणे, शेवटी पुन्हा आवळणे आणि लिहिणे यांना मिळून ४ सेकंद लागतात, व ही कामे वाटता येत नाहीत. उरलेले ६ सेकंद प्रत्यक्ष संस्काराचे असून ते फरश्यांनी वाटता येतात. आठ कोअर लावले असता ६ सेकंदांचे पाऊण सेकंद होतात, पण ४ चे ४ च राहतात. चित्रामागे ४.७५ सेकंद लागतात. बाराशे चित्रांना १ तास ३५ मिनिटे. वेग जेमतेम दुपटीहून थोडा अधिक झाला, आणि आठ कोअरच्या एकूण वेळेपैकी फक्त २६ टक्के वेळ कारणी लागला. टास्क मॅनेजरमध्ये दिसणारा तो पंचवीस टक्क्यांच्या आसपासचा आकडा अशा रीतीने निर्माण होतो. आता आठांऐवजी सोळा कोअरचा संगणक आणला तर काय होईल? चित्रामागे ४.३७५ सेकंद, बाराशेंना १ तास २७ मिनिटे ३० सेकंद. कोअर दुप्पट झाले आणि साडेसात मिनिटे वाचली. आणखी कितीही कोअर आणले तरी १ तास २० मिनिटांच्या खाली हे काम कधीच येणार नाही.

उलट, दुसऱ्या प्रकारची वाटणी केली, म्हणजे प्रत्येक कोअरला एक अखंड चित्र दिले, तर प्रत्येक चित्राला १० सेकंदच लागतील, पण एका वेळी आठ चित्रे पुरी होतील. बाराशे चित्रांचे काम, अन्य अडथळा न आल्यास, २५ मिनिटांत उरकेल. जुनाच आठ कोअरचा संगणक, तेच संस्कार, तीच चित्रे. बदलली ती केवळ वाटणीची दिशा.

न वाटता येणारा अंश एकूण वेगाला कसा जखडून ठेवतो, हे जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये दाखवले. आयबीएमच्या सिस्टिम/३६० या संगणकमालिकेचे ते एक प्रमुख शिल्पकार होत. अटलांटिक सिटी येथील परिषदेत सादर केलेला त्यांचा निबंध अगदी आटोपशीर असून, आज त्यांच्या नावाने जे सूत्र पाठ्यपुस्तकांत दिले जाते ते त्या निबंधात सूत्ररूपाने आढळत नाही; ते रूप त्याला पुढे लाभले. १९८८ मध्ये जॉन गस्टफसन यांनी त्यावर एक महत्त्वाचा आक्षेप घेतला. अधिक प्रोसेसर हाती आले म्हणजे माणसे जुनेच काम लवकर उरकीत नाहीत, मोठे काम हाती घेतात. आणि काम वाढले की वाढतो तो बहुतांशी वाटता येण्याजोगा अंश. दोघांच्या म्हणण्यात वस्तुतः विरोध नाही. एकच चित्र हे काम मानले तर ॲमडाल यांचा नियम लागतो. बाराशे चित्रांचा गठ्ठा हे काम मानले तर वाटणीला जवळजवळ मर्यादाच उरत नाही. घाऊक संस्करणातील दोष असा की, काम गठ्ठ्याचे असताना सॉफ्टवेअर त्याला एका चित्राचे काम समजून बसते.

आता ते ४ सेकंद वाटता का येत नाहीत, हे पाहणे भाषाभ्यासकाला विशेष उद्‌बोधक होईल. जेपेग या प्रचलित प्रकारच्या फाइलीत चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे लहान चौकोन पाडलेले असतात. प्रत्येक चौकोनाची सरासरी उजळता मात्र स्वतंत्रपणे लिहिलेली नसते. मागल्या चौकोनाच्या मानाने ती किती कमी किंवा अधिक, एवढेच लिहिलेले असते. पाणिनीच्या सूत्रपाठात मागल्या सूत्रातील पदाची पुढल्या सूत्रात अनुवृत्ती होते, त्यामुळे मधलेच एखादे सूत्र सुटे काढून वाचले असता त्याचा अर्थ लागत नाही. तशीच काहीशी ही स्थिती आहे. त्यावर आणखी एक अडचण. हे आकडे डेव्हिड हफमन यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने संकेतबद्ध केलेले असतात. त्या पद्धतीत नेहमी येणाऱ्या मूल्याला आखूड संकेत व क्वचित येणाऱ्याला लांब संकेत दिला जातो, आणि दोन संकेतांच्या मध्ये कसलीही खूण ठेवलेली नसते. मोडी पत्रात ओळ सलग लिहिलेली असते, शब्द तोडलेले नसतात. वाचणारा मागला शब्द लावतो तेव्हाच पुढला कोठे सुरू झाला ते त्याला कळते. ओळीच्या मध्यावर बोट ठेवून एकदम वाचू लागणे नवशिक्याला अशक्य, मुरलेल्या वाचकालाही धोक्याचे. हफमनच्या संकेतांच्या बाबतीत तर ते नियमाने निषिद्धच आहे, कारण मधून सुरुवात केली असता चुकीची पण वरकरणी सुसंगत अशी मूल्ये निघू शकतात. म्हणून फाइलीचा पूर्वार्ध एका कोअरने व उत्तरार्ध दुसऱ्याने उलगडावा, हे साधत नाही. संकेत एकदा सुटले म्हणजे पुढले गणित अर्थातच वाटता येते. पण तोवर इतरांना थांबावे लागते. जेपेगच्या प्रमाणात ठरावीक अंतरावर पुनरारंभाच्या खुणा घालण्याची सोय आहे, व त्या असल्यास प्रत्येक खुणेपासून नवीन वाचन सुरू करता येते. परंतु त्या घालणे ऐच्छिक आहे, आणि ज्या फाइलीत त्या नाहीत तिच्या बाबतीत इलाज नाही. पीएनजी प्रकारच्या फाइलीतही मागल्या मजकुराचा हवाला देऊनच पुढला मजकूर आवळलेला असतो. टिफ प्रकारात चित्र पट्ट्यांनी किंवा फरश्यांनी सुटे ठेवता येते, म्हणून तो या दृष्टीने अधिक सोयीचा. मात्र त्याच्या फाइली मोठ्या असतात व डिस्कचा वेळ खातात.

फाइलीची अडचण एका चित्रापुरती झाली. गठ्ठ्यातील दोन चित्रांचा तर एकमेकांशी काहीच संबंध नसतो. मग सॉफ्टवेअर दोन चित्रे एकदम का घेत नाही? याचे कारण संस्काराच्या आज्ञा ज्या भाषेत दिल्या जातात तिच्या व्याकरणात शोधले पाहिजे, आणि प्रस्तुत विषयाचा हाच सर्वांत महत्त्वाचा भाग होय.

१९९६ मध्ये निघालेल्या फोटोशॉपच्या चौथ्या आवृत्तीत ‘ॲक्शन’ नावाची सोय आली. माणूस एका चित्रावर जे जे करतो ते नोंदले जाते, आणि तीच नोंद पुढे इतर चित्रांवर चालवता येते. या नोंदीतील आज्ञांचे स्वरूप पाहिले तर ‘हा थर घे’, ‘ही निवड उलट कर’, ‘हे चित्र जतन कर’ अशा धर्तीचे असते. पुढे स्वतंत्र आज्ञावली लिहिण्याची सोय झाली, तिच्यातही ‘ॲक्टिव्ह डॉक्युमेंट’, म्हणजे ‘आत्ता समोर असलेले चित्र’, हाच शब्द केंद्रस्थानी राहिला. म्हणजे ही भाषा विशेषनामांवर उभी नाही. ती दर्शक सर्वनामांवर उभी आहे. दर्शक सर्वनामाला स्वतःचा अर्थ नसतो. तो बोलण्याच्या प्रसंगातून मिळतो. बोलणारा एक, ऐकणारा एक आणि मेजावर वस्तू एक, असे असेल तोवर ‘हे’ म्हटल्याने कोणताही घोटाळा होत नाही. परंतु कचेरीत आठ कारकून बसले आहेत, प्रत्येकाच्या पुढे निराळा कागद आहे, आणि दाराशी उभा राहून कोणी ‘यावर शिक्का मारा आणि हा आत पाठवा’ असे म्हणाला, तर काय होईल? फोटोशॉपमध्ये समोरचे चित्र एक, चालू थर एक, इतकेच काय पण निवडलेला रंग आणि नक्कल ठेवण्याची जागाही साऱ्या कार्यक्रमाला मिळून एकच. दोन कोअर दोन पानांवर एकदम काम करू लागले, पहिल्याने आपल्या पानाचा तुकडा उचलून त्या जागेत ठेवला, आणि त्याने तो परत घेण्यापूर्वीच दुसऱ्याने आपला ठेवला, तर एका पत्राची शाई दुसऱ्या पत्रावर उमटेल. हा प्रसंग दर वेळी येईल असे नाही. शंभरांत एखादे वेळी येईल, आणि म्हणूनच तो पकडणे अतिशय कठीण. असे होऊ नये म्हणून सॉफ्टवेअर एक चित्र पुरे होईपर्यंत दुसऱ्याला हात लावू देत नाही. या दृष्टीने पाहता बसून राहणारे कोअर हे ‘हे’ या शब्दाचा अर्थ एका वेळी एकच राहावा म्हणून दिलेले मोल आहे.

ज्या वर्षी फोटोशॉप निघाले त्याच १९९० साली इमेजमॅजिक हे दुसऱ्याच धर्तीचे सॉफ्टवेअर प्रसिद्ध झाले. त्याला पडदा नाही, समोरचे चित्र नाही. आज्ञेतच मूळ फाइलीचे नाव, संस्कार आणि फलरूप फाइलीचे नाव अशी तिन्ही अंगे सांगावी लागतात. किरकोळ कामाला ही भाषा रुक्ष आणि कंटाळवाणी वाटते, आणि तशी ती आहेच. पण तिच्यातील प्रत्येक वाक्य आपल्या पायांवर उभे असते. ते कोणी, केव्हा आणि कशाच्या आधी उच्चारले यावर त्याचा अर्थ अवलंबून नसतो. म्हणून अशी आठ वाक्ये आठ कोअरना एकदम सांगितली तरी चालतात. २००७ मध्ये आलेल्या लाइटरूमची रीत या दोहोंच्या मधली म्हणावी लागेल: पडदा आहे, परंतु संस्कार चित्रावर न करता प्रत्येक चित्राच्या नावे टिपून ठेवले जातात, आणि फलरूप प्रत काढताना ते लागू होतात. अशा टिपणांमुळे वाटणीचा मार्ग मोकळा होतो. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत एकच निर्यात चालवली असता कोअर रिकामे राहत, आणि यादीचे तीन भाग करून तीन निर्याती एकदम सुरू केल्या म्हणजे काम लवकर उरके, हा छायाचित्रकारांचा अनुभव याचाच पुरावा होय. गिम्पची गोष्ट थोडी निराळी. त्याच्या आज्ञावलीत चित्राचा क्रमांक स्पष्टपणे द्यावा लागतो, म्हणजे नाव घेण्याची सोय आहे. परंतु आज्ञा वाचणारा मात्र एकच असतो व तो त्या क्रमानेच वाचतो. व्याकरण अनुकूल असूनही वाचक एकटा पडला, असे हे उदाहरण.

यावरून उपाय सुचतो तो असा की, वाटणी सॉफ्टवेअरच्या आत न करता बाहेर करावी. गठ्ठ्याचे भाग पाडून सॉफ्टवेअरच्या अनेक स्वतंत्र प्रती, म्हणजे स्वतंत्र प्रोसेस, एकदम चालवाव्यात. प्रत्येक प्रतीचे ‘हे’ तिच्यापुरते राहते, आणि घोटाळ्याचे कारणच उरत नाही. इमेजमॅजिक किंवा पडद्याविना चालवलेले गिम्प यांच्या बाबतीत हे सहज साधते. लिनक्सवर यादीतील फाइली अशा प्रतींना वाटून देण्याचे काम एक्सआर्ग्ज किंवा ग्नू पॅरलल यांसारखी साधने करतात. फोटोशॉपची एकच आवृत्ती एका संगणकावर एकाच वेळी दोनदा उघडण्याचा सरळ मार्ग नाही. तेव्हा मोठ्या गठ्ठ्यासाठी ते साधनच बदलणे श्रेयस्कर. पानावरचे संस्कार फोटोशॉपमध्ये एकदा नजरेखाली ठरवावेत आणि गठ्ठा दुसऱ्या साधनाने उरकावा, ही विभागणी व्यवहारात बरी पडते.

येथे एक चूक वारंवार घडते. इमेजमॅजिक स्वतःही आतल्या आत फरश्यांसारखी वाटणी करते. आठ प्रती चालवल्या आणि प्रत्येकीने आपले आठ थ्रेड उघडले, तर आठ कोअरवर चौसष्ट थ्रेड गर्दी करतात, आणि कामापेक्षा अदलाबदलीतच वेळ जातो. प्रती अनेक असतील तेव्हा प्रत्येकीला एकच थ्रेड वापरण्याचे बंधन घालावे. तशी सोय तिच्यात आहे.

प्रती किती चालवाव्यात याचा निर्णय कोअरच्या संख्येवरून करण्यापेक्षा स्मृतीवरून, म्हणजे रॅमवरून, करणे अधिक सुरक्षित. ए-४ आकाराचे पान ६०० डीपीआयने घेतले तर त्यात ४९६० गुणिले ७०१६, म्हणजे सुमारे ३ कोटी ४८ लाख बिंदू होतात. प्रत्येक बिंदूला तीन रंग व प्रत्येक रंगाला दोन बाइट धरल्यास एकच पान स्मृतीत सुमारे २०९ मेगाबाइट जागा अडवते. संस्कार चालू असताना त्याच्या चार-पाच नकला सहज होतात. म्हणजे एका प्रतीला सुमारे १ गिगाबाइट. आठ गिगाबाइटच्या संगणकावर अशा आठ प्रती चालवल्या तर स्मृती अपुरी पडून डिस्कवर उसनवारी सुरू होते, आणि काम एका प्रतीच्या वेगापेक्षाही मंद होऊ शकते. फिरत्या तबकडीची डिस्क असेल तर आणखी एक व्यत्यय येतो: आठ जण आठ ठिकाणांहून वाचू लागले की तिचा वाचकशीर्ष इकडून तिकडे धावत राहतो. विभागातील सामाईक साठ्यावरून जाळ्यामार्फत फाइली वाचल्या जात असतील तर कोंडी तेथे होते, आणि मग प्रोसेसरकडे पाहण्यातच अर्थ नसतो.

टास्क मॅनेजरच्या आकड्याविषयीही सावध राहावे. त्यातील शेकडेवारी जशी दिसते तशी सरळ नाही. आठ कोअरचा प्रोसेसर पुष्कळदा सोळा असल्याचे दाखवतो, कारण प्रत्येक कोअर दोन थ्रेड एकाच वेळी सांभाळतो. अशा यंत्रावर एकच थ्रेड पूर्ण शक्तीने चालला असता आकडा ६.२५ टक्के दिसतो. ६ टक्क्यांवर अडकून राहिलेला आकडा ही एकट्या थ्रेडची खूण समजावी. डिस्कची वाट पाहणारा कोअर रिकामा म्हणून मोजला जातो, पण स्मृतीकडून आकडे येण्याची वाट पाहणारा कोअर कामात असल्याचे दाखवला जातो. उजळता वाढवण्यासारख्या साध्या संस्कारात बिंदूमागे एखादाच गुणाकार असतो व बहुतेक वेळ स्मृतीतून ने-आण करण्यात जातो. तेथे आकडा शंभर टक्के दिसला तरी चार कोअरने जे झाले असते त्याहून फारसे अधिक झालेले नसते. काही संस्कार चित्रप्रोसेसर, म्हणजे जीपीयू, करीत असतो. तेव्हा मुख्य प्रोसेसर रिकामा दिसणे रास्तच. या सर्व कारणांनी शेकडेवारीवर विसंबण्यापेक्षा घड्याळावर विसंबावे. चाळीस चित्रांचा नमुना घेऊन तो एक, दोन, चार, सहा आणि आठ प्रतींनी चालवावा व प्रत्येक वेळी लागलेली मिनिटे मांडून पाहावीत. वेळ जेथे उतरायची थांबते तेवढ्या प्रती पुरेत. आठपट वेग मिळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. सर्व कोअर एकदम राबू लागले की उष्णतेमुळे प्रत्येकाचे ठोके थोडे मंदावतात.

वेग वाढवण्याच्या या खटाटोपात पोथीच्या अभ्यासकाला जो खरा धोका आहे तो वेगळाच. पोथीची पत्रे सुटी असतात. पत्रांक बहुधा पत्राच्या मागल्या बाजूस, समासात लिहिलेला असतो. पुढल्या बाजूवर तो असेलच असे नाही. म्हणजे पुढल्या बाजूचे छायाचित्र कोणत्या पत्राचे, याचा एकमेव आधार पुष्कळदा फाइलीचे नाव हाच असतो. फलरूप फाइलींना ००१, ००२ असे क्रमांक काम पुरे होईल त्या क्रमाने देण्याची पद्धत अनेक आज्ञावल्यांत असते. एकामागून एक काम चालते तेव्हा हा क्रम मूळ क्रमाशी जुळतो आणि कोणाच्या काही लक्षात येत नाही. आठ प्रती चालल्या की तो जुळेनासा होतो: फिकट, डागाळलेल्या पानाला वेळ अधिक लागतो आणि त्याच्या मागून आलेले स्वच्छ पान त्याच्या आधी पुरे होऊन त्याचा क्रमांक घेऊन बसते. मूळ छायाचित्रे जपून ठेवली असतील तर हानी भरून निघते. संस्करणानंतर ती पुसून टाकली असतील, आणि पोथी तिच्या मालकाकडे परत गेली असेल, तर पाठाचा क्रमच हरपतो. संहितेचा अभ्यासक मग दोन पत्रांच्या सांध्यावर खंड किंवा प्रक्षेप असल्याची कल्पना करू लागतो, आणि तो खंड लेखनिकाचा नसून संगणकाचा असतो.

याकरिता फलरूप फाइलीचे नाव नेहमी मूळ फाइलीच्या नावावरूनच सिद्ध व्हावे. गणकावर ते सोपवू नये. मूळ नावातच पत्रांक आणि बाजू यांचा उल्लेख छायाचित्र घेतानाच करावा. काम आटोपल्यावर फाइलींची संख्या मोजावी, कारण आठ प्रतींपैकी एखादी मधेच बंद पडली तर बाकीच्या सात तिची वाट न पाहता पुढे जातात आणि पडद्यावर त्याची सूचना दिसेलच असा भरवसा नसतो. बाराशेंच्या जागी अकराशे शहाण्णव भरल्या तर हरवलेल्या चार कोणत्या हे नावांच्या यादीवरून लगेच कळते. केवळ क्रमांक दिले असते तर ते कळले नसते. त्यानंतर दर पंचविसाव्या पत्राच्या मागल्या बाजूचे चित्र उघडून त्यावरील पत्रांक फाइलीच्या नावाशी ताडून पाहावा. सहाशे पत्रांच्या पोथीत अशा चोवीस तपासण्या होतात, आणि त्यांना दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.